सात कांबी

३ नोव्हेंबर

दादा,

वर 'साष्टांग नमस्कार' लिहून खोडलाय, ते दिसत असेलच. एकोणीस वर्षांनी पहिलं पत्र लिहायचं आणि त्याला शाळेत घोटून घेतलेला मायना लावायचा, हे काही हाताला पटेना. दुसरा कागद घ्यायचा कंटाळा आला. हल्ली मला बहुतेक गोष्टींचा कंटाळाच येतो.

पत्ता काकूने दिला. देताना तीनदा विचारलं, "भांडायला नाही ना लिहीत?" मी म्हटलं, कामाचं पत्र आहे. आणि ते खरंच कामाचं आहे, तेव्हा घाबरून बाजूला ठेवू नकोस.

मी कोशाच्या कचेरीत नोकरी करते. कारागिरांच्या तोंडच्या शब्दांचा कोश. आम्ही सहा जणं, लहान लहान खणांची चार कपाटं आणि एक संपादक. त्यांना आम्ही त्यांच्या माघारी 'टाचणी' म्हणतो, कारण अंगाने बारीक आहेत आणि एकदा टोचले की निघत नाहीत. प्रत्येक शब्दाची एक चिठ्ठी असते. शब्द, अर्थ, मूळ, उदाहरण, सांगणारा. पाच रकाने भरले की चिठ्ठी खणात जाते. बारा वर्षं मी हेच करते आहे.

सध्या 'मिश्रधातू'पाशी गाडी अडली आहे. टाचणींनी ती चिठ्ठी तीनदा परत पाठवली. "बाई, हा पुस्तकातला शब्द. भट्टीपुढे घाम पुसणारा माणूस मिश्रधातू म्हणेल का? तिथला शब्द आणा." म्हणून मी सोनाराकडून 'हीण' आणलं. सोन्यात जे तांबंबिंबं मिसळतात ते हीण, आणि त्यावरून हिणकस. मूळ शोधत गेले तर संस्कृतातलं 'हीन' निघालं, म्हणजे कमी पडलेलं, सोडून दिलेलं. हिणवणे हेही त्याच कुळातलं. मग टाचणींनी इंग्रजी 'अलॉय'चंही मूळ काढायला लावलं. ते लॅटिनमधून आलंय, आणि तिथे त्याचा अर्थ आहे बांधणं. दोन धातू वितळवून एक करायचे, त्या कामाला कोणी बांधणं म्हणतं आणि कोणी त्यात कमीपणा बघतं. दोन दिवस मी तेवढ्यावर खुश होते.

पण बाबा हीण म्हणायचे नाहीत. आठवतंय ना? एखादं गिऱ्हाईक चुकून बोललं तर अंगावर जायचे. "कथील म्हणजे काय हीण वाटलं? नुसत्या तांब्याची घंटा करून बघा, उशी बडवल्यासारखी वाजेल." ते 'जोड' म्हणायचे. तांब्याला कथलाची जोड.

आमच्या खणांत हा शब्द या अर्थाने नाही. आणि नवा शब्द घ्यायचा तर सांगणारे दोन लागतात, दोघांनी ते काम स्वतः केलेलं हवं. एक बाबा. आपल्या भट्टीवर वितळलेल्या धातूची मूस उचललेला दुसरा माणूस तूच. मी मोजणीत येत नाही. मी नुसती वजनं करायचे आणि भिंतीवर खडूने लिहायचे.

कोरी चिठ्ठी सोबत ठेवली आहे. भरून पाठव, एवढंच काम.

बाबा बरे आहेत.

तुझी बहीण


११ नोव्हेंबर

दादा,

तुझं उत्तर आलं नाही. मी वाट बघत नाहीये, टाचणी बघताहेत. रोज सकाळी छत्री टांगता टांगता विचारतात, "तुमच्या भावाचं काही?" त्यांना वाटतं, भाऊ म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात असतो.

मागच्या पत्रात 'बाबा बरे आहेत' असं लिहिलं. ते तसे बरे नाहीत. हात थरथरतात. कप बशीत ठेवला की वाजत राहतो आणि तो आवाज लपवायला ते मोठ्याने खोकतात. मला काही कळत नाही असं त्यांना वाटतं. कळतं, पण मीही खोकला लागलाय का म्हणून विचारते. असं आमचं चाललं आहे. आई होती तोवर निदान एकमेकांवर ओरडायला मध्ये कोणीतरी असायचं.

भट्टी बंद व्हायची आहे. वस्तीत धूर नको म्हणून नोटीस आली, डिसेंबरअखेरपर्यंत मुदत आहे. बाबांनी नोटीस वाचली, घडी घातली आणि हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. टेबल आता हलत नाही.

खरी गोष्ट पुढे आहे. परवा शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या होत्या. नव्या आहेत, त्यांना जुनं काही माहीत नाही. शाळेची इमारत दुरुस्त होते आहे, घंटा खाली उतरवली आहे. "ही अशी बद्द का वाजते हो?" त्यांनी बाबांना विचारलं. "मुलं म्हणतात, शाळा सुटली की बादली पडल्याचा आवाज येतो. परत ओतून मिळेल का?"

मी ओट्यापाशी उभी होते. मला वाटलं, बाबा हाकलून देतील. ते म्हणाले, "मिळेल."

त्या गेल्यावर मी म्हटलं, बाबा, तुमच्याने मूस उचलली जाणार आहे का? तर म्हणाले, "ते माझं मी बघेन." काय बघणार? त्यांना सदऱ्याची बटणं लावता येत नाहीत. पण एकोणीस वर्षं ती घंटा दिवसातून दोनदा त्यांच्या कानावर पडली आहे. माझ्याही. शाळा आपल्यापासून दोनच गल्ल्या, सुट्टीचा दिवस सोडला तर सुटका नाही. आता भट्टी थंड व्हायच्या आधी ती एकदा नीट वाजलेली त्यांना ऐकायची आहे. त्यांनी तसं म्हटलं नाही, पण काल भट्टीचं तोंड साफ करत बसले होते.

हे काम तुझ्याशिवाय कोणाकडून होणार नाही. बाहेरच्या ओताऱ्याला ते दारात उभं करणार नाहीत.

तेव्हा जे झालं, तो एक गैरसमज होता. घरात असे गैरसमज होतात. तू चार दिवसांसाठी आलास तर सगळं निस्तरेल. चिठ्ठीही इथेच भरता येईल.

तुझी बहीण


२४ नोव्हेंबर

दादा,

'गैरसमज' हा शब्द लिहून पत्र पेटीत टाकलं आणि कचेरीत गेले. दिवसभर दुसऱ्यांच्या शब्दांचे अर्थ तपासले, हा बरोबर, हा ढिला, हा चुकीचा. माझा शब्द चुकीचा होता. तू तो वाचून हसला असशील, किंवा पत्र चुरगाळलं असशील. चुरगाळलं असलंस तर हे उघडशील की नाही कोण जाणे. तरी लिहिते.

शिशाच्या कांबी कथलाच्या फळीवर मी ठेवल्या होत्या.

तू जुने नळ वितळवून त्या केल्या होत्यास, कथलाच्याच साच्यात, म्हणून दिसायला तशाच, फक्त वजनाला जड. मोठ्या टेबलावर पडल्या होत्या. मला टेबल अभ्यासाला हवं होतं, कॉलेजची परीक्षा होती. मी त्या उचलल्या आणि जवळची फळी होती तिच्यावर सारल्या. रात्री परत जागेवर ठेवू असं म्हटलं आणि विसरले.

दुसऱ्या दिवशी घंटेचं ओतकाम होतं. तू अंगणात साचा पक्का करत होतास. बाबा भट्टीशी होते. कथील तोलून द्यायचं काम माझं, ते मुशीपर्यंत न्यायचं तुझं. आपल्याकडचा नियम तुला सांगायला नको, पण मला तो एकदा लिहून काढायचा आहे. प्रत्येक कांब कानाशी धरून वाकवायची. कथील असेल तर आतून करकरतं, शिसं गप्प बसतं. बाबा म्हणायचे, रडली तर आपली. कितीही घाई असली तरी कांब रडल्याशिवाय मुशीत जायची नाही.

मी एकही वाकवली नाही. दहाची परीक्षा होती आणि साडेनऊ वाजून गेले होते. मी कांबी तराजूत टाकत गेले. त्या वजनाला नेहमी नऊ लागायच्या. त्या दिवशी सातच लागल्या.

हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. मला ते दिसलं होतं, दादा. सात कांबींत काटा बरोबर मध्यावर आला. मला वाटलं, कांबी जाड ओतल्या असतील. खरं म्हणजे मला तसं वाटलं नाही. मी तसं वाटून घेतलं, कारण दुसरं काही वाटलं असतं तर थांबावं लागलं असतं. भिंतीवर खडूने वजन लिहिलं. कांबी किती ते लिहिलं नाही.

बाबांनी तिकडूनच विचारलं, "वाकवल्यास ना? रडल्या का?"

मी म्हटलं, "हो, सगळ्या रडल्या." आणि दप्तर घेऊन धावले. त्या पेपरात मला चांगले गुण मिळाले.

पुढचं तुझ्यासमोरच झालं. आठवड्याने शाळेच्या अंगणात घंटा टांगली, जुन्या मुख्याध्यापकांनी टोला मारला आणि बादली आपटल्यासारखं वाजलं. बाबा घरी येऊन ओतताना उरलेला तुकडा फोडून बघत बसले. म्हणाले, शिसं आहे. फळीच्या खोलीची किल्ली तुझ्याकडे असायची. त्यांनी मला परत विचारलं, तुझ्या समोर विचारलं, "तू वाकवल्यास तेव्हा रडल्या होत्या ना?" तेव्हा तरी मी बोलायचं. दुपार होती, परीक्षा संपली होती, कसलीही घाई नव्हती. मी म्हटलं, "माझ्या हातात होत्या तोवर रडत होत्या."

म्हणजे माझ्या हातातून गेल्यावर कोणीतरी बदलल्या, महागाचं कथील काढून शिसं घातलं. आणि माझ्या नि मुशीच्या मध्ये एकटा तू होतास.

बाबा तुला कथीलचोर म्हणाले. हिणकस म्हणाले. जो शब्द त्यांनी कधी धातूला लावला नाही तो तुला लावला. तू बाबांकडे बघितलंच नाहीस, तू माझ्याकडे बघत होतास. मी वजनांच्या डब्याचं झाकण लावत होते. ते लागेना.

तू चोरी केली नव्हतीस, म्हणजे मी खोटं बोलते आहे हे त्या घरात तुला एकट्याला माहीत होतं. तरी तू तोंड उघडलं नाहीस. का, ते मी खूप वर्षं शोधलं. मी लहान होते म्हणून, माझं कॉलेज बुडू नये म्हणून, असली कारणं मी तुझ्या वतीने काढली. ती सगळी मला सोयीची होती. कदाचित तुला आम्हां दोघांचाही वीट आला असेल आणि तू निघून गेलास, एवढंच असेल.

मला माफ कर असं लिहिणार होते. नको. तुला आधी चिडू दे.

खडू

(या नावाने सही करायला मला लाज वाटते आहे, पण हे नाव तू ठेवलेलं आहेस आणि दुसरं कोणी त्याने हाक मारत नाही.)


२ डिसेंबर

दादा,

बाबांना सांगितलं.

रविवारी सकाळी ते खिडकीशी दाढी करून घ्यायला बसले होते. हल्ली मीच करते. म्हटलं, वस्तरा खाली ठेवून सांगावं, नाहीतर दोघांपैकी कोणाला तरी लागेल. अर्ध्या गालाला साबण होता. तशातच त्यांना मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, टेबल, फळी, तराजू, 'हो, सगळ्या रडल्या' इथपर्यंत.

साबण वाळून पांढरा झाला. मग म्हणाले, "शिशाच्या किती होत्या?"

"चार."

त्यांनी बोटांवर काहीतरी केलं. बोटं थरथरत होती, पण हिशेब चुकला नाही. म्हणाले, "मग एकूण सातच लागल्या असतील."

"हो."

"आणि फळीवर नेहमीपेक्षा कथलाच्या कांबी जास्त उरल्या असतील."

हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. चोराने कथील नेलं असतं तर फळी रिकामी झाली असती. ती भरलेली होती. बाबा म्हणाले, "मी त्या संध्याकाळी त्या खोलीत गेलो होतो. कुलूप लावून आलो. फळीकडे नुसतं बघितलं असतं तरी पुरे होतं."

मी म्हटलं, "का नाही बघितलंत?"

"त्याचं नि माझं वाजलं होतं ना. त्याला तेलाची नवी भट्टी हवी होती. मी म्हणत होतो, माझ्या डोळ्यांदेखत नाही. मी चिडूनच बसलो होतो. तू जे बोललीस ते मला आयतं मिळालं."

मला वाटलं होतं ओरडतील. मी त्याची तयारी करून गेले होते, कचेरीतून दोन दिवसांची रजासुद्धा काढली होती. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी उरलेला गाल पुढे केला आणि म्हणाले, "संपव."

दाढी झाल्यावर म्हणाले, "त्याला लिहितेस ना?"

"लिहिते."

"ये म्हणून लिहू नकोस. तसं म्हणायला मला तोंड नाही. येतोस का म्हणून विचार."

तर दादा, बाबांनी विचारलं आहे, येतोस का?

घंटा कारखान्यात आणून ठेवली आहे. पालथी घातली आहे. बाबा येता जाता तिच्यावर हात ठेवतात, टिचकी मारत नाहीत. मी विचारलं, तुम्ही एकटे करणार आहात का? "तो आला नाही तर फोडून शाळेला तांबं परत देऊ," म्हणाले. एवढं थकलेलं बोलताना मी त्यांना ऐकलं नव्हतं. भट्टी पाडायला माणसं तीस तारखेला येणार आहेत.

कचेरीत टाचणींना सांगितलं की 'जोड'ची चिठ्ठी मिळेलसं वाटत नाही, सोनाराचं हीण घालून टाका. ते चष्मा पुसत म्हणाले, "थांबू या थोडं." हा माणूस कोणासाठी थांबलेला मी बारा वर्षांत पाहिलेला नाही. मला इतकं भरून आलं की त्यांच्यासमोर नाक शिंकरावं लागलं. त्यांना वाटलं, सर्दी झाली. खिडकी बंद केली.

मी दमले आहे रे. एवढ्याशा खोट्याचं ओझं ते केवढं, असं मला पूर्वी वाटायचं. सांगून टाकलं की हलकं वाटेल असंही वाटायचं. हलकं काही वाटत नाही. फक्त आता ते माझ्या एकटीकडे नाही.

खडू


१३ डिसेंबर

दादा,

तुझं पार्सल आज दुपारी मिळालं. पोस्टमन म्हणाला, "बाई, यात काय लोखंड भरलंय?" मी म्हटलं, कथील. त्याला काही फरक पडला नाही.

पत्र शोधलं. कागदाच्या घड्या उलगडल्या, खोक्याचा तळ फाडून बघितला. पत्र नव्हतं. नऊ कांबी आणि माझी चिठ्ठी, तेलाचे डाग पडलेली. आधी वाटलं, कोरीच परत पाठवलीस. मग खिडकीशी नेऊन वाचली. तुझं अक्षर अजून तसंच आहे, प्रत्येक ओळ उजवीकडे पडणारी.

शब्द: जोड. अर्थाच्या रकान्यात तू लिहिलंस, "तांब्यात घालतात ते कथील. घातल्यावर जे होतं त्यालाही जोडच म्हणतात." मूळ: "बाबा म्हणायचे. त्यांना कोणी शिकवलं ते त्यांना विचार, मी कधी विचारलं नाही." आणि उदाहरणाच्या रकान्यात जागा पुरली नाही म्हणून कडेने वर चढवत नेलंस:

"मंगळवारी पोचतो. जोड मी स्वतः घालीन. तू भट्टीच्या आसपास दिसलीस तर याद राख."

सांगणारा: "भाऊ."

चिठ्ठी तशीच टाचणींना दाखवली. त्यांनी दोनदा वाचली. "उदाहरण जरा लांबलंय," म्हणाले, "पण शब्दाचा वापर नेमका आहे. एक अक्षर कापू नका." आणि स्वतःच्या हाताने खणात ठेवली.

मी भट्टीच्या आसपास दिसणार नाही. बाहेर ओट्यावर बसेन. तू माझ्याशी बोलावंस असं काही नाही. तुझी खोली झाडून ठेवली आहे, गादी उन्हात टाकली आहे. वजनांच्या डब्याचं झाकण अजूनही लागत नाही, ते तेवढं बघ.

पार्सल उघडलं तेव्हा बाबा आतल्या खोलीत पडले होते. कांबी टेबलावर ठेवल्याचा आवाज त्यांना बरोबर कळला. तिथूनच विचारलं, "त्याच्याकडून आल्या?"

"हो."

"किती?"

"नऊ."

मग म्हणाले, "वाकवून बघितल्यास?"

मी एक उचलली, कानाशी धरली आणि वाकवली. हातात जोर राहिला नाही माझ्या, दोनदा दाबावी लागली. आतून करकरली, अगदी बारीक, पण स्पष्ट. मग दुसरी, मग तिसरी. नवाच्या नऊ वाकवल्या. घाई कसलीच नव्हती.

बाबांनी विचारलं, "रडल्या का?"

मी नऊही कांबी उचलून आत नेल्या, त्यांच्या उशाशी बसले, आणि पहिली त्यांच्या कानाशी धरून परत वाकवली.

खडू